ताप उतरल्यावर

ताप उतरला तेव्हा टकळीचा बाप हसला आणि डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. झालं ते एवढंच. सिस्टरने पोरीच्या काखेतून थर्मामीटर काढलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं, "नॉर्मल," म्हणाली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बायकोला फोन करायला त्याने खिशात हातही घातला. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी, ते ऐकून न ऐकल्यासारखं करत, पोरीच्या पायांवरची चादर उचलली आणि तिचे दोन्ही तळवे आपल्या हातांत घेतले. घेतले आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मग अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, बघत राहिल्या. पांढरं पडलेलं नख परत गुलाबी व्हायला जरा रेंगाळलं. "पाय गार आहेत," त्या सिस्टरला म्हणाल्या, आणि सिस्टर लगेच रक्त घ्यायची सुई आणायला वळली. तो अजून हसतच होता, कारण चेहऱ्यावर आलेलं हसू एकदम कुठे ठेवायचं ते माणसाला पटकन सुचत नाही.

"पण ताप गेला ना?" त्याने विचारलं. "गेला," त्या म्हणाल्या, "आणि डेंग्यूत ताप जातो ना, तेव्हाच आमचं खरं काम सुरू होतं. ताप होता तोवर मी तुम्हाला घाबरवलं का? नाही ना? आता मात्र जरा घाबरून राहा." इतकं स्वच्छ त्याला आजवर कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. मग त्या खाटेच्या कडेशी टेकल्या आणि त्यांनी पोरीच्या पोटावर हात ठेवला. उजव्या बरगडीखाली बोटं जराशी रुतवली तशी टकळी कण्हली. "हिच्या रक्तवाहिन्यांतून गळती सुरू झालीय. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, पोटात जातं, छातीत जातं. मागे उरलेलं रक्त घट्ट होत जातं. म्हणून पाय गार." तो म्हणाला, "गळती?" त्या म्हणाल्या, "हो, गळतीच." आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

आता हा शब्द कोणाला सांगावा? तर त्याला. गळतीवरच तर त्याचं पोट होतं. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या भिंतींना हात लावून त्याचे तळवे खरखरीत झाले होते. लोक त्याला बोलवायचे ते नाकाला रुमाल लावून: छताला बुरशी आली, बेसिनमागे रंग सुटला, वरचा शेजारी ऐकत नाही. तो जायचा, काही न बोलता भिंतीला तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा. बरोबरचे गडी त्याला थट्टेने नाडीवैद्य म्हणायचे. ओल जिथे दिसते तिथे गळती नसते, हे त्याला इतकं पाठ होतं की भिंतीवरच्या डागाकडे तो बघायचाही नाही. पाणी स्लॅबवरून आडवं चालत जातं, सळईचा आधार घेतं, तिसऱ्याच्याच घरात डोकं काढतं. पाण्याइतकं लबाड काही नाही आणि पाण्याइतकं सरळही काही नाही, असं तो टकळीला स्कूटरवरून शाळेत सोडताना सांगायचा, आणि ती मागून विचारायची, "म्हणजे नक्की काय ते सांग ना बाबा." तिला टकळी म्हणायचे ते उगीच नाही. सकाळी डोळे उघडले की तोंड उघडायचं ते झोपेत मिटायचं, मधे जेवणासाठीसुद्धा बंद नाही. आजारपण आलं तेसुद्धा तिने साग्रसंगीत वर्णन करून आणलं. "बाबा, माझे डोळे मागून दुखतायत." मागून म्हणजे कसे? "मागच्या बाजूने. आतल्या." मग पाठ, मग गुडघे, मग गाल लाल. दात घासताना चूळ गुलाबी आली तेव्हा तिची आई धावत बाहेर आली होती, आणि ही मात्र आरशापुढे उभी राहून आपल्या हिरड्या कौतुकाने बघत होती. गेले काही तास ती एक अवाक्षर बोलली नव्हती. त्याला वाटलं होतं, थकली असेल बिचारी. ताप उतरला की शांत झोप लागते, असं आपण सगळेच समजतो.

शेजारच्या खाटेवर एक लहानगा होता, जेमतेम चालायला लागलेला, आणि त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला होता. सुई दिसली की किंचाळायचा, नाही दिसली तरी किंचाळायचा. त्यालाही तोच आजार. त्याची आई ओशाळून सगळ्यांची माफी मागत होती आणि जो कोणी पांढऱ्या कपड्यांत दिसेल त्याला विचारत होती, "प्लेटलेट किती आल्या?" वॉर्डातल्या सगळ्याच आया परीक्षेच्या मार्कांसारख्या प्लेटलेट विचारत होत्या आणि हळूच दुसऱ्याच्या पोराच्याही विचारून घेत होत्या. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "अहो, ओरडू दे की. ओरडणाऱ्या पोराची मला काडीची काळजी नाही. गप्प पडून राहतं ना, त्याच्यापाशी मी सारखी येते." आणि हे म्हणताना त्यांची नजर टकळीवरून गेली. त्याने ती पाहिली.

बायको आली ती चष्म्याच्या दुकानातून तशीच, गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं. त्याने तिला सगळं सांगितलं, पण गळती हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. "झिरपतंय," असं काहीतरी तो म्हणाला. ती पोरीच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, पण कपाळ तर गार आहे!" तिच्या आवाजात तोच आनंद होता जो मघाशी त्याच्या आवाजात होता, आणि तो आनंद कसा काढून घ्यायचा ते त्याला कळेना. त्याने तिचा हात धरून पोरीच्या पावलावर ठेवला. बस, मग तिला सांगावं लागलं नाही. ती खुर्चीत बसली. म्हणाली, "आपल्याकडे डास नव्हते हो एवढे." भरती करताना त्याला विचारलं होतं, घराजवळ पाणी साचतं का, आणि तो नाही म्हणाला होता. पण गच्चीचं काम झालं की तिच्यावर पाणी भरून ठेवायचं, दिवसचे दिवस, खालचं छत कोरडं राहतं का ते बघायला, ही त्याच्या धंद्याची रीतच होती. कडेने विटांची पाळ बांधायची आणि भरायचं, अगदी पिण्यासारखं स्वच्छ पाणी. अशी किती तळी त्याने शहराच्या डोक्यावर मांडली असतील! सकाळच्या वेळी त्यांत आभाळ उतरायचं आणि तो विडी ओढत बघत बसायचा. या डासाला स्वच्छ पाणी आवडतं, हे भिंतीवरच्या रंगीत चित्राखाली लिहिलं होतं. तो चित्राकडे पाठ करून बसला होता.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली. पोरीला जरा बसतं केलं, पाठीवर डाव्या हाताचं बोट आडवं ठेवलं आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकलं. टक. खाली सरकल्या. टक. त्याची मान आपोआप वळली. अरे, हे तर आपलं! फरशी बसवल्यावर तो असाच बोटाच्या पेराने ठोकत जायचा, खालून पोकळ आहे की भरलेली ते आवाजावरून कळतं. टक, टक, वर मोकळा आवाज, आणि मग उजव्या बरगड्यांच्या खालच्या भागात एकदम बद्द. डॉक्टरीणबाई थांबल्या आणि त्याच क्षणी त्याचा श्वासही थांबला, कारण त्यालाही ऐकू आलं होतं. "पाणी?" तो म्हणाला. त्यांनी मागे बघितलं, जरा नवलाने, आणि मान हलवली. त्याच्या अंगावर काटा आला. भीतीने आला, हे खरं. पण नुसत्या भीतीने नाही. या एवढ्याशा पाठीच्या आत, जिला अंघोळ घालताना त्याने शेकडो वेळा साबण लावला होता, खोल्या होत्या, भिंती होत्या, नळ होते, आणि कोणी नकाशा काढला नव्हता. नऊ महिने सगळं अंधारात बांधलं गेलं आणि एकही मजूर दिसला नाही.

उन्हं कलली. रक्त पुन्हा नेलं, आणि सिस्टर बाहेरच्या टेबलाशी फोनवर सांगत होती ते त्याने ऐकलं: "नाही, अजून घट्टच होतंय." बायको खुर्चीत बसल्या बसल्या पेंगली होती. टकळीचे ओठ सुकले होते. तिच्या डोक्याशी सलाईनची बाटली, बाटलीखाली पारदर्शक नळी, त्या नळीत थेंब पडत होते. एक. मग बऱ्याच वेळाने दुसरा. त्याने आयुष्यात इतकी कंजूष धार पाहिली नव्हती. नळीवर एक पांढरं चाक होतं, अंगठ्याएवढं. त्याचे हात शिवशिवायला लागले. त्याने ते मांडीखाली घातले, पुन्हा काढले. टाकीची पातळी उतरतेय, दोष शोधायला वेळ आहे, घरात माणसं तहानलेली आहेत: तर आधी वरचा कॉक उघडा, पाणी चालू ठेवा, मग शोधा. हे त्याच्या हातांना त्याच्या डोक्याच्या आधीपासून ठाऊक होतं. त्याने काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. अंगठा चाकावर गेला आणि चाक वर सरकलं, इतकं गुळगुळीत की त्याला त्या कारागिराचं कौतुक वाटलं. थेंबांची माळ झाली, माळेची दोरी. हायसं वाटलं त्याला! बाटलीतली पातळी खाली येताना दिसत होती, म्हणजे पोरीतली वर चढत असणार. तिच्या ओठांवर रंग आल्याचाही त्याला भास झाला.

"हे कोणी केलं?" सिस्टरचा आवाज असा आला की शेजारचा किंचाळणारासुद्धा गप्प झाला. तिने झडप घालून चाक बंद केलं, बाटलीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. "मी," तो म्हणाला. डॉक्टरीणबाई जवळजवळ पळतच आल्या. आधी त्यांनी पोर पाहिली, छातीला स्टेथोस्कोप लावला, किती पाणी गेलं ते सिस्टरला विचारलं, आणि मग त्याच्याकडे वळल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "भिंत गळत असताना वरून पाणी वाढवलं तर काय होतं हो? काय काम करता तुम्ही?" मागून बायको म्हणाली, झोपेतून दचकून उठलेल्या, घोगऱ्या आवाजात, "गळत्याच काढतात." कोणीच हसलं नाही. सिस्टरने फक्त तोंड फिरवलं.

"ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला खिडकीपाशी नेलं. "कमी दिलं तरी पंचाईत, जास्त दिलं तरी पंचाईत. रक्त बघत बघत, चमच्या-चमच्याने द्यायचं असतं. तुम्ही दिलंत त्यातलं बरंचसं आता पोटात आणि छातीत जाऊन बसणार. ते एक. पण मला खरी धास्ती उद्याची आहे. उद्या गळती थांबेल." त्याने विचारलं, "थांबेल? कोण थांबवणार?" "कोणी नाही. आपोआप थांबते. वाहिन्यांच्या भिंती सैल पडलेल्या असतात, त्या पुन्हा आवळतात. त्यावर औषध नाही आमच्याकडे, तोवर तिला तगवायचं, एवढंच आमच्या हातात. आणि भिंती आवळल्या की बाहेर गेलेलं सगळं पाणी परत येतं." "परत? कुठून?" "जिथे साचलंय तिथून. पोटातून, छातीतून. परत रक्तात. आणि एकदम येतं. तेव्हा जर जास्तीचं पाणी असलं, तर हृदयाला ते उपसता येत नाही, फुप्फुसं भरतात. ताप, गळती सगळ्यातून वाचलेलं पोर तेव्हा आपल्याच पाण्यात गुदमरतं. म्हणून लघवी. उद्या तिला भरपूर लघवी झाली पाहिजे. झाली की सुटलो." मग जरा नरम होऊन त्या म्हणाल्या, "आता कशालाही हात लावू नका. कशालाच."

तो परत येऊन बसला. बायको म्हणाली, "हात इकडे द्या," आणि त्याचे दोन्ही हात तिने आपल्या मांडीवर ओढून घट्ट धरले. त्यात माया किती आणि पहारा किती ते तिलाच ठाऊक. एकदा, पोरीकडे बघत, ती म्हणाली, "तुम्हाला कळलं नाही का हो?" त्याने मान हलवली. नव्हतं कळलं. आता कळत होतं, डोळ्यांदेखत. टकळीच्या पापण्या सुजल्या. पोटाची कातडी ताणून चकाकायला लागली. श्वास उथळ झाला, भरभर, आडवं केलं की ती कासावीस व्हायची, म्हणून तिला उशा लावून टेकवून बसवलं. नाकाशी प्राणवायूची नळी आली. प्रत्येक श्वासाबरोबर गळ्याखालचा खळगा आत जायचा आणि त्याच्या मनात एकच हिशेब चालायचा, की यातलं किती आजारानं केलं आणि किती माझ्या अंगठ्यानं. आणि त्याच्या खाली, लाज वाटावी असं, एक नवल चालू होतं. आपोआप थांबते! इतकी वर्षं काम केलं त्याने, इतक्या भिंतींना हात लावला. एकही भिंत कधी स्वतःहून आवळली नव्हती. भेग पडली की पडली. ती वाढते, ती वाट बघत नाही, तिला खरवडून, भरून, वर लेप देऊनच माणूस मोकळा होतो आणि तरी दोन वर्षांनी पुन्हा फोन येतोच. आणि निसटलेलं पाणी? ते कधी मागे फिरलं होतं का? खालच्या बाईच्या गादीतून उठून, स्लॅबमधून वर चढून, पाइपात जाऊन बसलं होतं का? त्याला कोणी हे सांगितलं असतं तर त्याने, चला, चहा घेऊ, म्हणून हसून सोडून दिलं असतं. इथे एक शिकलेली, दमलेली बाई त्याला हे असं सांगून गेली होती, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. त्याने कधी कोणाला हात जोडले नव्हते, म्हणजे मनापासून. आता कोणाला जोडावेत ते कळेना, आणि हात तर बायकोच्या ताब्यात होते.

सकाळ झाली, ती पंखा बंद करायला आलेल्या मावशींच्या झाडूच्या आवाजाने. डॉक्टरीणबाई आल्या, पुन्हा पाय हातात घेतले. या वेळी त्या उभ्या राहिल्या नाहीत; त्यांनी त्याला खूण केली. "लावा हात," म्हणाल्या. त्याचा हात पुढे होईना. बायकोने सोडला तरी होईना. शेवटी त्याने तळहात पोरीच्या तळव्याला टेकवला, जसा भिंतीला टेकवायचा, आणि डोळे मिटले. ऊब होती. अगदी बोटांच्या टोकापर्यंत. "रक्त पातळ होतंय," त्या म्हणाल्या, "थांबली गळती." आणि त्यांनी स्वतः ते पांढरं चाक खालपर्यंत दाबून बंद केलं. एकही थेंब नाही. बंद केलेल्या नळाकडे असं बघायची त्याला सवय नव्हती. "आता येईल ते परत," त्या म्हणाल्या, आणि लघवीसाठी एक इंजेक्शन नळीतून दिलं. "आता तिच्यावर आहे."

आणि ते येत होतं. बघणाऱ्याला काही दिसत नव्हतं, एक मुलगी उशांना टेकून धापा टाकत होती, बस. पण त्याला ऐकू येत असल्यासारखं वाटलं. त्या सगळ्या अंधाऱ्या खोल्यांतून पाणी उठत असेल, दारं शोधत असेल, कोणी न सांगता, कोणी न ढकलता आपापल्या नळात शिरत असेल. तिच्या पायांवर पुरळ उठलं होतं, लालच लाल, आणि मधे मधे गोऱ्या कातडीचे ठिपके, जसे कोणाकडून कुंचल्याने रंगवायचे राहून गेलेत. ती ते खाजवत होती. श्वास मात्र भरभरच. दुपार होत आली तसा तो आणखी भरभर झाला, नाकपुड्या फुलायला लागल्या. सिस्टर स्टेथोस्कोप लावून ऐकून घाईघाईने गेली. बायकोच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं, ती पुसतही नव्हती. "कर गं बाई," ती पुटपुटत होती, "कर ना गं राणी, थोडीशी कर." जगात कुठल्या आईने कशासाठी म्हणून असं विनवलं असेल! तो मापाचं प्लास्टिकचं भांडं घेऊन खाटेशी उभा होता, केव्हापासून ते त्यालाही आठवत नव्हतं. आत गेलेलं आपणच आत सोडलं होतं. आता ते बाहेर बोलवायला आपल्याजवळ अक्कल नाही, अवजार नाही, नुसतं हे भांडं. त्याला वाटलं, या पोरीचे डोळे मिटले तर आपण पुन्हा कधी नळसुद्धा सोडू शकणार नाही.

"आई," टकळी म्हणाली. कालपासूनचा पहिला शब्द. "मला शू."

दोघांनी तिला इतक्या घाईने उचललं की एकमेकांची डोकी आपटली. बायकोने काखेत धरलं, तो गुडघ्यांवर बसला, भांडं दोन्ही हातांनी पुढे केलं. आधी काहीच नाही. मग एक थेंब, मग एक बारीक, अडखळती धार, आणि मग धो धो. प्लास्टिकवर आवाज होत होता. भांडं त्याच्या हातांत जड होत होतं, कोमट होत होतं, मापाच्या रेघा एकेक करून बुडत होत्या, आणि तो बघत राहिला, तोंड उघडं टाकून. पोटातून, छातीतून, त्या बद्द वाजणाऱ्या कोपऱ्यातून, रात्रभर हरवलेलं सगळं स्वतःची वाट स्वतः काढत बाहेर येत होतं. सिस्टर धावत आली, भांड्यात डोकावली आणि "अगं बाई!" म्हणून तिने चक्क टाळी वाजवली. शेजारच्या किंचाळणाऱ्याची आईसुद्धा उठून बघायला आली. "द्या इकडे, मोजते," सिस्टर म्हणाली, पण त्याला ते सोडवेना. त्याचे खांदे गदगदत होते आणि भांडं मात्र त्याने असं स्थिर धरलं होतं की वरचं पाणी हललं नाही.

टकळीने सुजलेल्या पापण्यांमधून आधी भांड्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला जमलेल्या बायकांकडे, मग गुडघ्यांवर बसून रडणाऱ्या बापाकडे. तिने एक श्वास घेतला, लांब, पार खालपर्यंत गेलेला.

"बाबा, रडतोस काय," ती म्हणाली, "दुसरं भांडं आण लवकर. अजून येतेय."